डागी चादर

नाताळची सुट्टी संपली की बाई फळ्यावर लिहायच्या :
‘सुट्टीतला माझा आवडता अनुभव. वीस ओळी.’
मी दरवर्षी गड्ड्याची जत्रा लिहिली.
उंच पाळणा, पाळण्यात मी,
खाली अख्खं सोलापूर मुरमुऱ्यांसारखं सांडलेलं.
शेरा मिळायचा : सुंदर.

खोटं होतं ते.
गड्डा भरतो संक्रांतीला,
आणि एक तारखेला संध्याकाळी आमची परतीची गाडी.
आम्हाला दिसायचा पाळण्याचा सांगाडा,
होम मैदानावर आडवा,
आणि नटांना ग्रीस लावणारा एकजण
जो मान न वळवता म्हणायचा, “पुढल्या आठवड्यात या.”
आम्हाला दिसायची नंदीध्वजाची सरावाची काठी,
बाशिंग नाही, हार नाही,
कमरेला पट्टा आवळलेला एक पोरगा थंडीत घामाघूम,
मागून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडायचं.
मला कन्नड येत नाही,
पण पोरानं मान वर केली, तशी मीही केली.

खरं काय होतं ते आता लिहिते.
वीस ओळींत बसणार नाही.

होटगीकडच्या रानात हुरडा.
गोवऱ्यांची आगटी, राखेत खुपसलेली कणसं,
चोळताना तळवे पोळायचे, तरी सोडवायचं नाही.
रान ज्यांचं, ते सिद्रामप्पा
फुंकर मारून भुसा उडवायचे
आणि पहिली मूठ परक्याला द्यायचे.
ती माझ्या हातात पडली.
मी परकी आहे हे मला तेव्हा कळलं.
मूठ गरम होती.

पण तेही नाही.

मल्लेशम मामाचे चार माग, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
(आमच्यात आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात.)
सकाळी सहाला सुरू.
भिंतीवरचा आरसा थरथरायचा,
मी हलणाऱ्या चेहऱ्याची वेणी घालायचे.
मामा बोलायचा ते ओरडूनच,
जेवताना, देवळात, फोनवर;
‘मीठ दे’ म्हणाला तरी भांडण वाटायचं.

तीस तारखेला, दिवेलागणीला, वीज गेली.
वेळापत्रकातली नव्हे, अशीच.
आमचे चार, शेजारच्या गुंडल्यांचे सहा,
गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प.
मग एकेक आवाज वर आला :
कुणाचं तरी तान्हं,
लांबच्या रुळावर मालगाडी,
आणि कात्री.
नरसव्वा आत्याची कात्री, विडीच्या पानातून फिरणारी.
ती दिवसभर वाजते हे मला माहीतच नव्हतं.

मामा उंबऱ्यावर येऊन बसला
आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला,
हळू.
त्याच्याकडे दुसराही एक आवाज होता!
कात्री थांबली.
आत्या हसली, अंधारातसुद्धा पदर तोंडाशी नेऊन,
मग पुन्हा पान कापायला लागली.

मी भूमेशला ढोसलं : काय म्हणाला?
“काही नाही. जुनं काहीतरी.”
पप्पांनी तेलुगू पुण्याच्या गाडीतच कुठेतरी ठेवून दिली होती,
माझ्यापर्यंत ती आलीच नाही.

वीस मिनिटं असतील.
दिवे आले. मामा उठला, ओरडला, “चला!”

माग मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला
की कापडात एक रेघ पडते.
तशी चादर व्यापारी घेत नाही, डागी म्हणतो.
निघताना आत्यानं ती माझ्या पिशवीत कोंबली.

आता शेडमध्ये पाण्याचे जार भरतात.
भूमेश हैदराबादला. मामा नाही.
चादरीवरचे मोर धुऊन धुऊन पुसट झाले,
रेघ आहे तशीच, पायाकडून वीतभर वर.
डिसेंबरात दिवा मालवल्यावर
पायाच्या अंगठ्यानं चाचपते. असते.

परवा फोनवर आत्याला विचारलं,
“त्या रात्री वीज गेली तेव्हा मामा काय म्हणाला होता?”
“कधी?”
मी सगळं सांगितलं. उंबरा, पदर, मालगाडी.

बराच वेळ पलीकडून
नुसती कात्री ऐकू येत होती.