डावा हात

बाबा, तोंड उघड.
तिकडं बंदरावर लिलाव सुरू झाला असेल,
सुरमईचे भाव आज आपल्याला कळणार नाहीत.
हर्णैच्या या पडवीत पाट ओढून मी तुझ्यासमोर बसलेय,
एका हातात पेला, एका हातात ब्रश,
मऊ केसांचा, लहान पोरांचा,
दांडीवर निळा मासा काढलेला.
तू अर्ध्या ओठानं विचारतोस,
‘ह्यो कुठला?’
प्लास्टिकचा. उघड आता.

सतरा वर्षं दापोलीला
नेवरेकर डॉक्टरांच्या दवाखान्यात
प्लास्टरचा जबडा हातात धरून मी लोकांना सांगत आले:
आडवं घासू नका, भांडी नाहीत ती.
हिरडी आणि दात जिथं भेटतात
त्या रेषेवर ब्रश तिरका टेकवा,
आणि छोटे छोटे गोल,
बाळाच्या टाळूला तेल जिरवावं एवढ्याच जोरानं.
लोक मान डोलवायचे
आणि घरी जाऊन आडवंच घासायचे.
तू तर तेवढंही नाही.
चुलीतली राख, एक बोट, झालं.
आईच्या मशेरीच्या डब्याबद्दल बोलायचं नाही
हा या घरातला जुना कायदा.

प्लास्टरच्या जबड्याला दुखत नाही.
तुझी उजवी बाजू झोपलीये,
तिला दुखलं तरी ती सांगत नाही,
म्हणून तिकडं माझा हात आणखी हळू.
गालाआड रात्रीच्या पेजेची शितं सापडतात
आणि बांगड्याचा एक काटा.
मासे बंद, असं डॉक्टर म्हणाले होते.
आई आतून काहीच बोलत नाही.

आणि हा समोरचा दात.
खालच्या कडेला खाच आहे याच्या,
दोरा बसेल बरोबर एवढी.
दवाखान्यात असतास तर मी कागदावर लिहिलं असतं
‘झीज’, आणि कारणाची जागा कोरी सोडली असती.
चाळीस वर्षं जाळं विणताना
नायलॉन तू इथं तोडलास.
सुरी कमरेला असायची. तरी दात.
लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाला होतास,
दोन्ही हात गाठीत असतात गो,
तिसरा कुठून आणू?

दाढांच्या फटीत ब्रश पोचत नाही.
तिथं मेण लावलेला हा बारीक दोरा,
हातभर तोडायचा, मधल्या बोटांना गुंडाळायचा,
करवतीसारखा खेचायचा नाही,
हळूच आत सरकवून
दाताच्या कुशीला लावून वर घ्यायचा.
हे मला झोपेतही येतं.
पण आपल्या बापाच्या तोंडात कुणाची बोटं धड चालतात?
दोरा वेढ्यातून सुटतो, दाढेला अडकतो,
मी पुटपुटते, तू ऐकतोस.

मग तुझा डावा हात उठतो.
सहा महिन्यांत ज्यानं घाससुद्धा
सांडल्याशिवाय उचलला नाही, तो.
माझ्या बोटावरचा वेढा तू सोडतोस,
दुसरा घालतोस,
आपल्या होडीवरचा, मी विसरलेला,
आणि ओढून बघतोस.
‘ढिला धरलास तर जातो मासा.’
एवढं लांब वाक्य
शिमग्यानंतर पहिल्यांदा.

ब्रशही मग तूच घेतोस.
आडवा घासतोस, साफ चुकीचा,
फेस हनुवटीवरून सदऱ्यावर.
सतरा वर्षांचं माझं शिक्षण
गिळून मी गप्प बसते
आणि मनात एकशेवीस मोजते.
छप्पन्नला तू थांबतोस. दमलास.
उरलेले चौसष्ट रात्री झोपताना घेऊ,
रात्रीचं घासणंच खरं तर महत्त्वाचं.

थुंक. चुळा फार भरू नकोस,
पेस्ट थोडी राहू दे दातांवर, ती आपलं काम करते.
जीभ राहिली, बाबा.
तू जीभ काढतोस,
जरा जास्तच, माझ्या मागे बघून.
वळते तर उंबऱ्यात आई,
तोंडात बोट, बोटावर काळी मशेरी.
ती बोट काढते,
पदराआड नेते,
आणि नव्या नवरीसारखी
ओठ मिटून हसते.