तारण

नोटीस आली तेव्हा मी अंगणात कोलीम वाळत घालत होते.
पोस्टमन म्हणाला, दोनदा सही करा, वैजयंतीबाई,
पाकिटं दोन आहेत.

एकात मी सहकर्जदार.
दुसऱ्यातही मीच,
पण तिथे माझी लांबी बेचाळीस फूट,
सहा सिलिंडरचं इंजिन, बांधणीचं साल,
आणि पुढे निळ्या शाईत: तारण.

होडीला माझं नाव दिलं तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाली होती.
हरेशने पेंटरच्या डोक्यावर उभं राहून अक्षरं मोठी करून घेतली,
शेवटची वेलांटी पार नाळेपर्यंत गेली.
मी नारळ फोडला.
हर्णैच्या बंदरावर बायका म्हणाल्या,
आता तुझ्यावर सात खलाशी चढणार गो!
मीही हसले.
त्याच आठवड्यात पतसंस्थेत
जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे सही केली.
वाचलं नाही.
काउंटरवर पेढे ठेवले होते.

खेडच्या कोर्टाने आम्हाला वेगळं केलं
एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
न्यायाधीशबाई चांगल्या होत्या.
म्हणाल्या, कर्जाचं संस्थेला विचारा.
संस्थेतले मुरकर म्हणाले,
घटस्फोट तुमचा झालाय, आमचा नाही.

घर दोघांच्या नावावर.
आठ-अ च्या उताऱ्यात अजून शेजारी शेजारी बसलोय,
मध्ये एक स्वल्पविराम,
लग्नाच्या फोटोत होतो त्याहून जवळ.
त्याने दर्याकडच्या खोलीला कुलूप घातलं
आणि वेरावळला गेला, दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून.
आत काय आहे मला पाठ आहे:
दोन विरलेली जाळी, शिशाच्या गोळ्या, त्याच्या आईचा पाटा,
आणि हप्त्यावर घेतलेलं मासे दाखवणारं यंत्र,
ज्याने मासे कधी दाखवले नाहीत.

जुलैत कौल फुटलं ते त्याच्या बाजूचं.
पाणी माझ्या बाजूला आलं.
पाण्याला उतार कळतो,
उतारा कळत नाही.
शिडी लावून मीच चढले.
कौलांचे दोनशे साठ वहीत मांडले,
त्याच्या खाती.

मार्चमध्ये होडीचा लिलाव झाला,
रोज सुरमईचा होतो तिथेच, ओल्या वाळूत.
मी बर्फाच्या गाडीमागे उभी.
माणसं माझं नाव घेऊन आकडे ओरडत होती.
साडेचार. पावणेपाच.
वैजयंती पाच लाख एकवार,
वैजयंती पाच लाख दोनवार.
जयगडच्या एकाने घेतली.
त्याने तळ वाकून पाहिला, फळीत सुरी टोचून पाहिली,
माझ्याकडे पाहायचं त्याला काही कारण नव्हतं.
संध्याकाळी नावावर पांढऱ्या रंगाचा हात मारला.
वेलांटी एका हातात झाकली जाईना.
दुसरा हात मारेपर्यंत मी थांबले नाही,
कारखान्यात पाळी होती.

उरले एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार.
महिन्याला चार हजार भरते, बर्फाच्या पगारातून.
मुरकर पावती फाडतात.
वर नाव त्याचं,
खाली हस्ते: मी.
आमच्या लग्नातलं एवढंच काय ते चालू आहे.

गणपतीत त्याचा फोन आला.
म्हणाला, हक्कसोडपत्र करून देतो, घर तुझं करून टाक.
मी गप्प.
मग म्हणाला, स्टॅम्पाचे पैसे आहेत का गो तुझ्याकडे?
मला हसू फुटलं. बऱ्याच वर्षांनी.
तिकडे तोही हसला, इंजिनाच्या आवाजात,
आणि रेंज गेली.
पुन्हा फोन कुणीच केला नाही.

दर्याकडच्या कुलपाला खाऱ्या वाऱ्याने गंज चढतोय.
काल त्यात खोबरेल सोडलं,
वहीत लिहिलं: तेल, तीन रुपये,
त्याच्या खाती.
दिवा मालवायला उठले,
परत बसले,
आणि तीन खोडून दीड केले.