डाव्या बाहीचं माप

गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीत
दुकान म्हणावं असं काही नाही माझं,
एक ओसरी, एक मशीन, एक कूलर,
आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं:
ब्लाउज चार दिवसांत. घाई असेल तर दुसरीकडे.

बत्तीस वर्षं बायांची मापं घेतली.
मुंढा, छाती, बाहीची उंची, बाहीचा घेर.
श्वास सोडा जी, पोट आत नका ओढू.
आता सकाळी चहाच्या आधी
तीच टेप माझ्या हाताला.
टेपेच्या पाठीवर सेंटीमीटर असतात,
बत्तीस वर्षांत मी कधी तिकडे पाहिलं नव्हतं.
मनगट. मनगटाच्या वर दहा. कोपर. दंड.
वहीत हेडाऊकाकूंच्या कटोरी ब्लाउजखाली
लिहिते: मी. डावा.

काखेतल्या चौदा गाठी काढल्या.
मेडिकलमध्ये बोंद्रे मॅडमनं समजावलं,
पाणी येतं तेवढंच येतं हातात,
वाहून न्यायच्या वाटा कमी झाल्या.
मी म्हटलं, कळलं.
आमच्या गल्लीतली गटर
दर आषाढात हेच शिकवते मला.

डाव्या तर्जनीची तर चाळणीच आहे.
काज करताना कापडाखाली हाच हात असतो,
सुई लागली की थेंब तोंडात घालायचा
आणि पुढचा टाका घ्यायचा.
आता अंगुस्तान घालते. हुक-काज निकिताकडे.
ती टाके लांब टाकते, मी उसवते, ती रुसते.
भांड्यांना रबरी हातमोजे,
संध्याकाळी मच्छरांचं मलम,
कूलरची बादली उजव्या हातानं, अर्धी अर्धी.
पुतणीच्या लग्नात कासारानं
सवयीनं डावाच हात धरला.
मी ओढून घेतला तर सगळ्या पाहायला लागल्या.
उजव्यात डझनभर भरल्या,
डावा पदराखाली.

आणि ती बाही!
गव्हाळ, तंग, एक शिवण दिसेल तर शपथ.
मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर,
मशीनवर बसताना चढवते तिला.
जन्मभर गिऱ्हाइकांना विचारलं,
बाही कुठे आवळते का?
ही आवळण्यासाठीच केलीय म्हणे.
कोणी शिवली असेल,
तिचा हात कसा असेल, मनात येतं.

एका सोमवारी टेप तुटली.
इतवारीतून नवी आणली.
मनगट अर्धा सेंटीमीटर जास्त.
दंड पाऊण.
चहा तसाच राहिला.
पाठीचा घाम गार झाला आणि मला
दंडाची कातडी ओढून ओढून पाहावंसं वाटलं,
खड्डा पडतो का, अंगठी रुतते का.
मग हात थांबला.
उजवा मोजला.
तोही तेवढाच वाढलेला.
बाप्पा! जुनी टेप ताणली होती,
मलाही आणि अर्ध्या गोळीबार चौकालाही
ती बारीक सांगत होती.
हसू आलं. मग रडूही आलं, थोडंच,
हेडाऊकाकू मापाला येऊन उभ्या होत्या.

रक्त घेणारा पोरगा नेहमी घाईत.
जवळचा हात दिसतो त्याला, माझा दिसत नाही.
दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा
पैठणीच्या उरलेल्या काठाची पट्टी केली,
लाल दोऱ्यानं टाका टाका भरलं:
हा हात नको.
मनगटावर सैल बांधून गेले.
पोरगा थबकला. वाचलं. वळसा घालून
उजवीकडे आला.

शेजारच्या खुर्चीवर कामठीची नसरीन होती,
डोक्याला ओढणी, हातात सोललेलं संत्रं.
बराच वेळ पट्टीकडे पाहत होती.
मलाही पाहिजे, म्हणाली,
पण माझा उजवा आहे जी.
मी पर्समधून टेप काढली, नवी,
आणि सवयीनं म्हटलं, श्वास सोडा.
दोघी हसलो, सलाईन हललं, सिस्टर रागावली.

तिची तारीख शुक्रवारची.
भिंतीवर चार दिवस लिहिलंय खरं,
पण गुरुवारी रात्रीच शिवून ठेवली.
आतून मलमल.
शिवण बाहेरच्या अंगाला,
कातडीला लागायला नको.