टाकं

चढ संपतो तिथे शहर सुरू होत नाही.
आधी थडगी लागतात.
दगडी पेट्या, झाकणं सरकवलेली,
घाईत कुणी बिऱ्हाड हलवल्यासारखी.
चोर, दुर्सुन म्हणाला. माझ्या आजोबांच्याही आधीचे.
एका पेटीत पावसाचं पाणी,
पाण्यावर पाइनच्या सुया.

तो इथला पहारेकरी. एकोणीस वर्षं रोज हा डोंगर,
गुडघ्याला लोकरीची पट्टी,
इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं.
खिशातले भाजलेले चणे
मोजून सात माझ्या तळहातावर ठेवले.
हा बाजार. मला झुडपं दिसली.
हा दरवाजा. दरवाजा होता, भिंत नव्हती.
हे पाण्याचं टाकं.
खडा टाकला. बराच वेळ काहीच नाही.
मग खोल कुठेतरी, ठक्क.

नाट्यगृहाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो.
समोर सरळ दरी,
दरीतून अंताल्याकडे जाणारा ट्रक, मुंगीएवढा.
दुर्सुन म्हणजे काय रे?
"थांबू दे. माझ्या आधी तीन गेले.
चौथ्याला आई म्हणाली, हा तरी थांबू दे."

चणा दाताखाली फुटला.
मी म्हटलं, माझ्या वडिलांचं नाव दगडू.
आमच्याकडे अशा पोराला दगड म्हणतात,
मरणानं उचलून बघावं
आणि कामाचा नाही म्हणून टाकून द्यावं.

तो हसला नाही.
शेजारच्या चिऱ्यावर दोनदा थाप मारली,
ओळखीच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी,
आणि म्हणाला, "दगडू."
उच्चार अगदी बरोबर.
वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली.

उतरताना तो सांगत होता,
कुणी हाकललं नाही म्हणतात इथल्या लोकांना.
धरणी हलली, पाण्याचा पाट तुटला,
मग एकेक घर
आपापली भांडी उचलून खाली गेलं.

पायथ्याशी पत्र्याखाली त्याची बहीण ताक विकते.
खारट, फेसाळ. आमच्यापेक्षा दाट.
नाव येतेर.
मुलींवर मुली झाल्या की ठेवतात: पुरे.
आमच्याकडे नकुशी, असं सांगणार होते.
नाही सांगितलं.

पेला भरला तरी ती ओततच राहिली.
पुरे कसं म्हणायचं ते आता मला येत होतं,
म्हणूनच तोंड उघडवेना.
नुसता हात आडवा धरला.
फेस बोटांवर आला.
तिनं हाताकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि अजून थोडं ओतलं.