फ्रीझर बंद केला तेव्हा

होडीतून आधी उतरली ती पेटी,
माणसाएवढी, लाइफ-जॅकेट घातलेली.
मग तिची मालकीण, ओकून ओकून पांढरीफटक.
धक्क्यावर ओतिलिया बाई, हातात शाळेची घंटा,
वाजवावी की नाही ते न कळून.

चिलोएच्या आमच्या या बेटावर शाळेत एकोणीस मुलं.
मी त्यांचं रांधते. जेवणघर तेच सभागृह,
तेच मतदान केंद्र, आणि गेल्या हिवाळ्यात
म्हाताऱ्या फिदेलला रात्रभर ठेवलं तेही इथंच.

ती वाल्दिव्हियाच्या वाद्यवृंदात वाजवते, पगारावर.
चेलो वाजवायचा पगार? मी दोनदा विचारलं.
वेळेवर होत नाही, ती म्हणाली,
आणि मला एकदम घरची वाटली.

बिनहाताची खुर्ची मागितली तिनं,
चेलोची खुंटी रुतवायला फळ्यांमधली एक फट निवडली,
मग मान वर करून म्हणाली,
ते काय गुणगुणतंय?
काही नाही, मी म्हटलं.
बारा वर्षांत मला काही ऐकू आलं नव्हतं.
फ्रीझर, म्हणाला एलिसेओ नाउएलकिन,
जो हजेरीलासुद्धा नुसती मान हलवतो.

मी प्लग काढला.

शाळा केवढी तरी मोठी झाली.
चुलीत ओलं लाकूड चरचरलं.
कुणाचं तरी नाक वाजलं.
खाली ओहोटीत कुणी शिंपले खणत होतं,
फावडं दगडाला लागत होतं.
एवढं सगळं होतं तर आपल्याकडे.

मग तिनं गज टेकवला.

काय वाजवलं ते विचारू नका,
नाव सांगितलं होतं, जर्मन होतं, निसटलं.
पहिला सूर कानात आलाच नाही,
बाकाच्या फळीतून मांडीत आला.
धाकटी रोसेंदा वाकून बाकाखाली बघून आली.
तिचा भाऊ हसला, मग हसायचा थांबला.
बाईचा श्वास ऐकू येत होता;
रेडिओवर कुणी श्वास घेत नाही.
एकदा गज घसरला. तिनं ओठ चावला, पुढं गेली.
मुलांनी ते पाहिलं.
मला वाटतं, तेच सगळ्यात जास्त पाहिलं.

प्रश्न विचारा, ओतिलिया बाई म्हणाल्या.
किती किलोचा? लाकूड कुठलं?
बुडतो की तरंगतो?
होडी बांधणाऱ्यांची नातवंडं ती, पुढं सरसावली,
सांधे चाचपले, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं,
तरंगेल, असा निकाल दिला.
एलिसेओनं विचारलं काहीच नाही.
सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवून म्हणाला,
फ्रीझर याच्याहून खाली आहे.
ती तार सैल करत गेली,
भोंगळ होईस्तोवर.
तो म्हणाला, हां. इथं.

चारच्या होडीनं ती गेली, पेटीला पुन्हा जॅकेट घालून.

मला आठवलं पहाटे.
प्लग जमिनीवर तसाच, बावीस किलो मासा मऊ.
मग काय, मुलांना सकाळी मासा, दुपारी मासा,
घरी न्यायला पुडकं बांधून मासा.
हिशेबाच्या वहीत नुकसानीचं कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं, संगीत.
मोठ्या बेटावरच्या साहेबांनी त्या शब्दाभोवती
पेन्सिलीनं गोल केला आहे.