घरघर

अकरा वर्षं ऐंशी लारी.
तिबिलिसीत पाव महागला, मिनीबस महागली,
माझे गुडघे गेले.
ऐंशी मात्र ऐंशीच.

काल रात्री सगळ्यांना निरोप लिहायला बसले.
आधी एकशेचाळीस लिहिलं आणि उठून खिडकी लावली,
जणू खालच्या गल्लीतून कुणी वाचलं असतं.
मग एकशेवीस. मग शंभर, पुढे 'माफ करा',
पुढे हिवाळा, गॅस, तारांच्या किमती, मुलाची फी,
ओळीमागून ओळ, दयेचा अर्जच.
सगळं खोडलं.
ठेवलं एवढंच:
एक तारखेपासून एकशेवीस. झायरा.

वर्षानुवर्षं न लावलेला पियानो
एका दमात सुरात येत नाही.
एकीकडचा ताण वाढवला
की आधी लावलेल्या तारा उतरतात.
म्हणून जरा जास्तच चढवायचं,
उतरायला जागा ठेवून,
आणि महिन्याने परत यायचं.
हे मी किती घरांत सांगितलं असेल.
माझ्या घरी मला कुणी बोलावलंच नव्हतं.

हॉटेलच्या गेलाचं उत्तर तीन मिनिटांत आलं:
बरं.
नुसतं बरं.
त्या दोन अक्षरांत अकरा वर्षांचे चाळीस-चाळीस
खळखळले,
आणि मला रडू आलं. रागाचं.

संगीतशाळेने कळवलं, सेक्रेटरीबाईंचा भाचा
आता मोबाइलवर बघून सूर लावतो.
शुभेच्छा.

त्सियालाबाईंचं काहीच नाही.
मंगळवारी तशीच गेले. सोलोलाकी, पाचवा मजला.
त्यांची लिफ्टसुद्धा आधी नाणं घेते,
मगच हलते.

एरवी चहा मांडलेला असे,
बशीत कच्च्या अक्रोडांचा मुरंबा, काळाभोर, दोनच फोडी,
आणि ग्रीसमध्ये कुणा परक्या म्हातारीला सांभाळणाऱ्या
लेकीची हकीकत, अर्धा तास.
तो अर्धा तास ऐंशीत धरलेला होता
हे मला आजच कळलं.
त्या खुर्चीत ताठ बसून घड्याळ बघत होत्या.

मी नमद्याची पट्टी तारांत खोवली,
स्वरकाटा गुडघ्यावर आपटला. दुखला.
दोन तास.
मग त्यांनी नोटा मोजल्या,
पाच-पाचच्या, इस्त्री केल्यासारख्या, चोवीस,
आणि म्हणाल्या,
"तो खर्जातला फा अजून घरघरतोय."

अकरा वर्षं घरघरत होता.
अकरा वर्षांत त्या पहिल्यांदा बोलल्या,
आणि मीही पहिल्यांदाच ऐकला म्हणायचा.

कोट काढून ठेवला. खालची फळी काढली.
आत हात घातला, खांद्यापर्यंत,
धूळ, मेलेला पतंग, शिसपेन्सिलीचं टोक,
आणि लाकडाला चिकटून थरथरणारी
केसांची एक पिन,
लहान मुलीची, निळं फूल असलेली.

फा वाजवला. स्वच्छ.
त्यांनी पिन पदरच्या पोरीला घ्यावं तशी घेतली
आणि काही न बोलता एप्रनच्या खिशात टाकली.

मुरंबा विचारला नाही. मी मागितला नाही.
उतरताना जिन्याने आले, पाचही मजले,
कठड्याला धरून.
लिफ्टपुरतं सुटं नाणं नव्हतं,
नुसत्या पाच-पाचच्या नोटा.