गाळ, एकावन्न मिनिटं

सहा गाणी. दांडिया बाजारात
कनुभाईंच्या बॅटरीच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
दोन चातुर्मास खपलो.
आता लोक ऐकतात. ऐकून सांगतात.

ओजस गुप्ते म्हणाला,
पहिलं गाणं सुरू झालं, मी खाली जाऊन सेव-उसळ खाऊन आलो,
वर आलो तर तोच सूर. तोच.
जरा थांबून म्हणाला,
तरी वाढून घेतली नसती तर बरं झालं असतं,
थोडा आधी आलो असतो.

इम्तियाज वोरा गिटारी दुरुस्त करतो.
"तारा इतक्या ढिल्या सोडल्यात
की ओल्या गोधडीचं वजन ऐकू येतं."
ही तारीफ की तक्रार,
विचारायचा धीर झाला नाही.

मृण्मयी ताटके, फाइन आर्ट्स, शिल्पकला, दुसरं वर्ष,
प्लास्टर कालवताना लावते.
तिसऱ्या गाण्यात एकदम पळायला लागता ना,
तिथे तुम्ही घाबरलात, म्हणाली.
विश्वामित्रीच्या पुलावर उभी राहून ती कोळशाने मगरी काढते.
तिला ठाऊक आहे :
तासभर ते लाकूड असतं
आणि मग
लाकूड नसतं.
मगर मध्येच पळून दाखवते का कुणाला?

सुरतेहून आलेल्या एका पोराने
काळा टीशर्ट खाली ओढत निकाल दिला :
हे धड डेथ नाही, धड डूम नाही,
मधलंच काहीतरी आहे.
मला हसू आलं.
पुण्यातल्या एका लग्नात मी झोपाळ्याला हिंचको म्हणालो,
तेव्हा माझ्या मराठीबद्दल
वरमाईचं हेच मत पडलं होतं.

खानविलकर काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं, न मागता.
"कुणाला उलट्या होतायत का रे? ओवा देऊ?"
पण परवा जिन्यात अडवून, हळूच :
"ते शेवटचं एकदा परत लाव.
पुराच्या रात्री आमचा फ्रिज तरंगत होता खालच्या खोलीत.
असाच आपटायचा दाराला.
थोडा थांबायचा. परत आपटायचा.
सकाळपर्यंत आम्ही जिन्यावर बसून मोजत होतो."

शब्द कळत नाहीत,
यावर मात्र सगळ्यांचं एकमत.
कळू नयेत असेच म्हटले होते मी,
घशाच्या तळातून, खरवडून,
कारण कागद कुणाला दाखवायचा नव्हता.

राहिले बाबा.
रिफायनरीत बत्तीस वर्षं, बॉयलरशी ओरडून बोलायची सवय.
मागच्या फाल्गुनात त्यांचं स्वरयंत्र काढलं.
आता गळ्याला एक नळकांडं टेकवतात
आणि डब्यात कोंडलेला भुंगा बोलतो.
गॅसवाला फोन ठेवून देतो.
माझी भाची पडद्याआड जाते.

हेडफोन लावून बसले. डोळे उघडे.
एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.
चहावर साय आली, सायीवर सुरकुती.

मग हेडफोन काढून नीट गुंडाळले,
नळकांडं टेकवलं,
आणि दुसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं
मला म्हणून दाखवलं. अख्खं :

पाणी गेलं
भिंतीवर रेघ राहिली
तिथवर
आम्ही होतो

मी सायीकडे बघत राहिलो.

"रेघेतला र खातोस," भुंगा म्हणाला.
"घसा नसला तरी चालतं. जीभ वर लागली पाहिजे.
आणि ड्रम जरा मागे हवे होते."

मग त्यांनी र म्हटला.
मी म्हटला.
नाही, परत.
त्यांनी म्हटला, मी म्हटला,
दोन गंजकी कुलपं
एकाच किल्लीने कुरकुरावीत तसे.

भिंतीपलीकडून काकू :
"अगं बाई, आता दोघांनाही?"